अमरावतीची ओहोटी

अमरावतीत समुद्र नाही. हे मी जाहीर सभेतही सांगायला तयार आहे. तरी आमच्या शेजारचे तायडे काका रोज सकाळी आतल्या खोलीच्या दाराशी उभे राहतात आणि दर्यापूर स्टँडवर भोंग्यातून बोलायचे त्याच आवाजात घोषणा करतात, "आज ओहोटी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लागन."

काका एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. त्यांच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियातल्या एका बेटाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट म्हणे. तिथं डांबरी रस्ता नाही; ओहोटी लागली की किनाऱ्याची ओली वाळू हाच रस्ता. काकांना याचं कोण कौतुक. "टाइम रोज बदलते, पण आगाऊ सांगून बदलते. असा डेपो पाह्यला नाई मी."

सहल त्यांनी फेरीसारखी आखलेली. तळं, थांबा दोन तास. जंगल, चहापाणी. तिथं रानकुत्री फिरतात हे कळल्यापासून काका कॉलनीतल्या मोत्यापुढं, न पळता, पाठ न दाखवता, मागं सरकायचा सराव करतात. मोत्या शेपटी हलवत मागंमागं येतो. "तिकडचे असे नसतीन," काका खिन्न होऊन म्हणतात. सामानात ठेचा, तिळाची चटणी आणि एक पितळी वाटी. वाटी कशाला विचारलं की, "लागते."

मी वाळूउपशाविरुद्ध पत्रकं वाटते. काकांचं गाव दर्यापूरकडं, पूर्णेच्या काठी. तिथली वाळू डोळ्यांदेखत उचलली गेली, म्हणून निवेदनावर पहिली सही मला त्यांचीच हवी होती. सही नसेल तर गावातलं दुसरं कोणी पुढं येणार नव्हतं. तीनदा गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच, बेटावरून आल्यावर पाहू.

चौथ्यांदा गेले त्या सकाळी ओहोटी दहा चाळीसचीच होती; माझा तोल गेला. त्यांच्या बैठकीच्या खोलीत उभी राहून मी निवेदन मोठ्यानं वाचायला लागले, "पूर्णेच्या पात्रात आज मूठभरही वाळू..."

काकांनी झडप घालून कागद झाकला आणि मला मनगट धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. मी हादरलेच. या माणसाला मी कधी घाईनं उठतानाही पाहिलं नव्हतं.

मग मीही सोडलं नाही. गावची वाळू ट्रकात भरून गेली आणि तुम्ही वाळू पाहायला परदेशात निघालात, लाज नाही वाटत, असं तोंडावर विचारलं.

"कोन निघालं?" काका म्हणाले. "पासपोर्ट कोनापाशी हाय?"

मी कागद खाली घेतला.

"आमच्या गावात साऱ्या विहिरी खाऱ्या. तुही काकू नदीच्या वाळूत हातानं झिरा उकरे, अन् वाटीवाटीनं पितळेचा गुंड, हंडा भरे. गोड पाणी. आता दोन वर्सं झाले खाटेवर पडून हाय. कोनतंबी पाणी देल्लं का म्हणते, खारं हाय, मले झिऱ्यावर न्या." काका थांबले. "तिथं आता खड्डे हायेत, पोरी. कसं सांगू तिले? मंग हे बेट सापडलं. चारी बाजूनं खारा समुद्र, अन् मधात वाळूतच गोड पाण्याचे तळे. म्हटलं, याहून मोठ्या झिऱ्यावर नेतो. तवापासून थे फक्त टाइम विचारते."

त्यांनी निवेदन फाटकाच्या खांबावर ठेवून सही केली. खाली सवयीनं वेळ टाकली, १०.३५. पत्रक मात्र घरात टाकू नको म्हणाले, काकूला वाचता येतं.

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "अवो, लागली काय ओहोटी?"

काकांनी घाईनं निवेदनाची घडी घालून माझ्या हातात कोंबली. आजवर एकाही पत्रकात मी खोटा शब्द छापलेला नाही.

"पाच मिनिटं हायेत, काकू," मी ओरडून सांगितलं. "वाटी घेतली आहे."