कला शाखेचे पाहुणे

आंधळगावच्या मोतीलालच्या घरी त्या दिवशी पोरगी पाहायला पाहुणे येणार होते, आणि जिला पाहायला येणार होते ती ज्योत्सना सकाळपासून कांदे चिरत बसली होती. कांद्याची एक सोय असते. मनसोक्त रडलं तरी कोणी कारण विचारत नाही. पोह्यांना चार कांदे पुरले असते, पोरीनं टोपलीभर चिरून ठेवले.

तिची बारावी झाली होती, तीही चांगल्या मार्कांनी. तिला भंडाऱ्याच्या कॉलेजात जायचं होतं, एवढं साधं मागणं. पण या मागण्याच्या वाटेत ताराचंदमामा आडवे बसले होते. ताराचंदमामा म्हणजे तिच्या आईचे थोरले भाऊ. तुमसरला राइस मिलमध्ये मुकादम. मिलमध्ये मजुरांवर आवाज चढवायची सवय असल्यानं ते बहिणीच्या घरी येऊनही त्याच पट्टीत बोलत.

"शिकून का करन पोरगी?" ते म्हणत. "बी. ए. केल्यानं तलावातली मासोळी का आपोआप टोपल्यात येऊन पडन? म्या स्थळ पाह्यलं हाये. घर चांगलं, समाज आपला, शाखा आपली. अजून का पायजे?"

आई शकुन लगेच मान डोलवायची. "दादा म्हनते तं बराबरच असन." तिच्या आयुष्यातले सगळे निर्णय दादानंच घेतले होते. मोतीलालशी लग्न हाही त्यातलाच एक, त्यामुळे दादाला नावं ठेवायची मोतीलाललाही सोय नव्हती.

राहिला बाप. मोतीलाल तलावात जाळं टाकायचा, बाजारात मासे विकायचा आणि घरात कमी बोलायचा. कॉलेजाचं काढलं की तो जाळ्याची गाठ मारता मारता म्हणायचा, "पाहू." मामांनी स्थळाचं काढलं तेव्हाही तो म्हणाला, "पाहू." ज्योत्सनाला या शब्दाचा भयंकर राग होता. महिनाभर तिनं बापाची मनधरणी केली. एस. टी. गावातूनच जाते, संध्याकाळी घरी येऊन भाकरी मीच टाकीन, शिकलेली पोर असली तर मच्छी सोसायटीचे कागद तरी कोणी वाचून दाखवील. सगळं ऐकून बाप पुन्हा म्हणाला, "पाहू." आणि आता तर पाहुणेच पाहायला येत होते.

सकाळी मामांचा फोन आला. "निघालो आमी. दोघं जन फटफटीनं पुढं येऊन राहिले, बाकीचे माह्यासंगं जीपमंधी हायेत. त्या दोघायले बसवा, पानी द्या, आन ज्योत्सनाले साडी नेसवा. तिले म्हना, तोंड बंद ठेव."

तासाभरानं खरोखरच एक मोटरसायकल गावात शिरली. वर दोघं जण. पुढचा तरुण, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. मागचा पोटानं भरलेला, डोक्यानं रिकामा झालेला, चष्मेवाला. चावडीपाशी त्यांनी शेजारच्या पार्वताबाईला गाठलं आणि विचारलं, "बाई, इथं बारावी झालेली मुलगी कोणाच्या घरी आहे?"

"पोरगी पाहाले आले का तुमी?"

"हो हो. मुलींसाठीच फिरतोय आम्ही. सकाळपासून तीन गावं पालथी घातली."

तीन गावं पालथी घातल्याचं ऐकून पार्वताबाईचा जीव कळवळला. चांगलं स्थळ हातचं जायला नको म्हणून तिनं मोटरसायकलीच्या पुढं धावत धावत त्यांना मोतीलालच्या दारात आणून सोडलं आणि आरोळी ठोकली, "शकुन वो! पाहुने आले!"

आता हे दोघं पाहुणे होते, पण त्या अर्थाचे नव्हते. ते भंडाऱ्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक होते. पूर्वी पोरं कॉलेज शोधत जायची, आता कॉलेजं पोरं शोधत फिरतात. वर्ग भरला नाही तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद झाला तर शिकवणाऱ्यानं काय करायचं? म्हणून जून उजाडला की ही विद्वान मंडळी पिशवीत माहितीपत्रकं घालून गावोगाव हिंडतात. मुलं कामधंद्याला निघून जातात, म्हणून सगळी भिस्त मुलींवर. लोक त्यांना दारातूनच वाटेला लावतात. पाणीसुद्धा विचारत नाहीत.

आणि इथं तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली! हातपाय धुवायला तांब्या, पुसायला कोरा टॉवेल, वर "या, बसा"! मोठे होते ते बोरकर सर. त्यांनी तरुण प्रफुल्ल सरांच्या कानाला लागून म्हटलं, "बघा, ग्रामीण भागात शिक्षणाबद्दल केवढी आस्था आहे."

पांढरा सदरा, डोक्याला टोपी अशा थाटात मोतीलाल बाहेर आला. त्यानं पाहुण्यांकडे जरा टक लावून पाहिलं, मग हात जोडून समोर बसला. आतून ज्योत्सना पोह्याचा ट्रे घेऊन निघाली. डोक्यावर पदर, खाली मान. खाली मान असल्यामुळेच तिला ते दिसलं. प्रफुल्ल सरांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक गुलाबी कागद डोकावत होता आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'प्रवेश देणे सुरू आहे.'

हे नवरदेवाकडचे नव्हतेच! पोरगी सरळ असती तर तिथंच ओरडून सांगितलं असतं. पण ज्योत्सनाच्या मनात विचार आला, मामांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे ना? मोठ्यांचं ऐकावं. तिनं पोहे दिले आणि शहाण्या पोरीसारखी सतरंजीच्या कडेला बसली.

"नाव काय बाळ? आणि टक्के किती?" बोरकर सरांनी विचारलं.

तिनं सांगितलं. टक्के ऐकून सर इतके खूश झाले, की दाराआड उभ्या शकुनला वाटलं, पोरगी अर्धी पसंत पडलीच. फक्त स्वयंपाकाचं कसं काही विचारत नाहीत, एवढंच तिला कोडं पडलं.

मोतीलालनं घसा खाकरला. "आपली शाखा कोनती म्हनाची?"

समाजात सोयरीक जमवताना हा पोटजातीचा प्रश्न पहिला असतो. शाखा जुळली नाही तर पोहे संपवून उठायचं. ज्योत्सनानं पदर आणखी पुढं ओढला. पण बोरकर सर अभिमानानं म्हणाले, "आमची कला शाखा."

"कला." मोतीलालनं शब्द तोंडात घोळवला. "बरं. दुसऱ्या शाखेत चालते का तुमच्यात?"

"चालतं म्हणजे काय! कोणत्याही शाखेची मुलगी आम्ही आनंदानं घेतो. आमच्यात आली की छान रमते. पूर्वी आमची वाणिज्य शाखाही होती, पण ती बंद पडली. माणसंच उरली नाहीत."

"अख्खी शाखा खतम झाली, माय!" दाराशी बसलेल्या पार्वताबाईनं छातीला हात लावला. "पटकी आलती का गा?"

ज्योत्सनानं पदर तोंडात कोंबला. आई दाराआडून डोळे वटारत होती, पोरगी लाजून मेली असं पार्वताबाईला वाटलं.

"आन हे काय करतेत?" मोतीलालनं प्रफुल्ल सरांकडे बोट केलं.

"हे प्रफुल्ल सर. फार हुशार. पण अजून तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे तासावर. जितके तास भरतील तितकाच पगार."

"ट्रॅक्टरावानी?" पार्वताबाईला राहवेना.

प्रफुल्ल सरांनी खाली मान घातली. दुखतं तिथंच बाईनं बोट ठेवलं होतं. "मुली मिळाल्या तर टिकीन, काकू," ते म्हणाले. "नाही तर यंदा मलाही घरी बसावं लागेल."

"मुली? कितीक पायजे तुमाले?"

"निदान चाळीस तरी. आतापर्यंत अठ्ठावीस जमल्या."

पार्वताबाईच्या हातातला चहा अंगावर सांडला. ती शकुनकडे धावली. आत कुजबूज झाली, भांडं पडलं, आणि शकुन पदर खोचून थेट ओसरीवर आली. भावाच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई, पण पोटच्या पोरीचा प्रश्न होता. "आमच्या पोरीचं का होईन तिथं, थे सांगा पयले!"

"काही काळजी करू नका, ताई," बोरकर सर समजावत म्हणाले. "फक्त तीन वर्षांचा प्रश्न आहे. तीन वर्षांनी तुमची मुलगी तुम्हाला परत."

"वापस?" शकुननं कपाळावर हात मारला.

आता सगळं फुटणार, हे ज्योत्सनाला स्पष्ट दिसलं. आई ओरडणार, सर खुलासा करणार, जीप येणार, आणि आपण संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी घरच्या होऊन बसणार. कॉलेज तर राहिलंच, वर मार बसेल तो वेगळा. एवढ्यात मोतीलाल उठला. कोणाकडं न पाहता देवळीपाशी गेला आणि खऱ्या पाहुण्यांसाठी आणून ठेवलेला नारळ घेऊन आला.

"मले स्थळ पसंत हाये," तो म्हणाला.

"अवो, पन आयका तं..." शकुन म्हणाली.

"आयकलं समदं." त्यानं दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात सुपारी दिली आणि पायरीवर नारळ फोडला. जमलेल्या गल्लीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "मोतीलालनं पोरगी देल्ली! शब्द देल्ला!"

बोरकर सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांच्या नोकरीत प्रवेशाचा असा सोहळा त्यांनी पाहिला नव्हता. ज्योत्सनाची मात्र मजा एका क्षणात उतरली. बापानं विश्वासानं शब्द दिला होता आणि तिनं त्याला गावासमोर फसू दिलं होतं.

तेवढ्यात जीप आली. ताराचंदमामा उतरले, मागून नवरदेवाचे वडील, काका, आणि नवरदेव. वाटेत फटफटी पंक्चर झाल्यानं फटफटीवाले दोघंही जीपमध्येच कोंबलेले होते.

"हे कोन?" मामांनी सतरंजीवरच्या कुंकू लावलेल्या मंडळींकडे पाहिलं.

"पाहुने," मोतीलाल म्हणाला.

"पाहुने माह्यासंगं हायेत, जवाईबापू!"

बोरकर सर घाईघाईनं उठले. "आम्ही कॉलेजातून आलो. मुलीच्या प्रवेशासाठी."

गल्लीनं एकमेकांकडे पाहिलं. मग पार्वताबाई एकटीच मोठ्यानं हसली आणि मामांचा पारा चढला. "कालेजले कोनी नारळ देते का? कोनी टिळा लावते का? पुसा तो टिळा! चूक झाली म्हना आन मोकळे व्हा!"

"चूक तं झालीच, ताराचंदभाऊ," मोतीलाल शांतपणे म्हणाला. "पन नारळ फुटला ना. फुटलेला नारळ जोडता येते का? तुमीच सांगता नेहमी, शब्द गेला तं मानूस गेला."

मामा तोंड उघडणार तोच नवरदेवाचे वडील पुढं झाले. म्हातारा जुन्या वळणाचा होता. त्यानं नारळाच्या कवट्या पाहिल्या, गल्लीतली माणसं पाहिली आणि मान हलवली. "ताराचंद, खरं हाये त्यायचं. चार लोकायपुढं नारळ फुटला. जो मानूस सकाळचा शब्द दुपारी फिरवते, त्याच्याशी सोयरीक कोन करन? जो शब्द ठेवते, त्याचंच घर सोयरिकीचं. तीन वर्षानं पाहू."

मामा सतरंजीवर टेकले. रीतीभातीचा झेंडा आयुष्यभर त्यांनीच मिरवला होता. शेवटी ज्यानं त्यानं पोहे खाल्ले, कांदा भरपूर होता. निघताना बोरकर सरांनी नवरदेवालाही विचारून घेतलं, "तुमची बारावी झाली आहे का हो?" त्याच्या बापानं त्याला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं, तरी गुलाबी कागद त्याच्या खिशात गेलाच होता.

संध्याकाळी मोतीलाल सदरा उतरवून, बंडीवर, अंगणात जाळं सोडवत बसला होता. ज्योत्सना त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. दिवसभर मनात ठेवलेलं तिनं सांगून टाकलं. "बाबा, मले मालूम होतं. थे कालेजवाले हायेत, मले पयलेच दिसलं होतं. म्या सांगतलंच नाही."

"मले बी मालूम होतं," मोतीलाल म्हणाला.

"तुमाले? कसं?"

"तो मोठा सर वरठीले राह्यते. दर इतवारी बजारात माह्याकडूनच रोहू नेते. दहा सालापासून. गिऱ्हाइकाले कोनी विसरते का?"

"मंग त्यायनं काहून नाही वळखलं तुमाले?"

"त्याची नजर मासोळीवर राह्यते. वर कोठं पाह्यते तो?"

"मंग तवाच काहून नाही सांगतलं, बाबा? नारळ कायले फोडला?"

मोतीलालनं जाळ्यातली एक गाठ सोडवली, दुसरी धरली. मग आत चूल फुंकणाऱ्या शकुनकडे एकदा पाहून त्यानं आवाज उतरवला. "तुया मामाले नाही म्हनाची हिंमत माह्यात नोयती, पोरी. वीस वर्षांत झाली नाही. मंग नारळालेच म्हनाले लावलं."

ज्योत्सनाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि या वेळी जवळ कांदा नव्हता. ती बापाशेजारी खाली बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक तिनं हातात घेतलं.

"पन तो सर लय हिशेबी हाये," मोतीलाल म्हणाला. "दर इतवारी मासोळी तोलून घेते आन तिचं डोकसं नोको म्हनून वापस देते, त्याचे पैसे कापते. आता व्याही झाला ना तो! या इतवारी डोकसं कसा वापस देते, पाहू."