दशांशचिन्हापुढचे गुंठे

रामनाथ सरांना दोन प्रकारच्या माणसांची मनापासून चीड होती. माउस वापरणाऱ्यांची, आणि माउसशिवाय काहीच न येणाऱ्यांची. जुन्नरजवळच्या त्या कॉलेजात उरलेले सगळे एका वेळी दोन्हीत बसत.

सर स्वतः मजकूर लिहायच्या एडिटरातच गणितं सोडवत. एडिटरच्या पोटात एक गणिताचं शेल होतं. गणित टाइप करून एंटर मारला, की खालच्या ओळीत उत्तर. सरांनी ते गेली दोन वर्षं घासूनपुसून सुधारलं होतं. कंस राहिला तर ओळ लाल व्हायची, जुनं गणित एका बटणात परत यायचं. बाकीचे प्राध्यापक आपापल्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळत.

आता नवी लॅब येणार होती आणि तिचं प्रमुखपद सरांना हवं होतं. आड येत होत्या उज्ज्वला मॅडम, ज्यांना सर खासगीत ‘वर्डवाल्या बाई’ म्हणत. निर्णय संस्थेचे अध्यक्ष सावळेराम यांच्या हाती. सरांच्या मते ते अंगठेबहाद्दर होते. पुण्याच्या एका प्राध्यापकांसमोर प्रात्यक्षिक ठरलं.

त्याआधीच्या रविवारी पिंपळवंडीहून सरांचा मेहुणा जानकू आला. त्याच्या घरात जमिनीच्या वाटण्या चालल्या होत्या, सरांनी हिशोब शेलमध्ये करून दिला.

“दाजी, तुमचं मशीन चुकतंय,” तो म्हणाला. “दीड एकराला आमी एक पॉइंट वीस लिवतो. एक पॉइंट पाच म्हंजी एक एकर पाच गुंठं.”

सरांनी दशांश समजावला. जानकूनं चहा संपवला आणि तेच पुन्हा सांगितलं. शेवटी त्याला घालवण्यासाठी सरांनी शेलमध्येच बदल केला. पॉइंटच्या पुढचे गुंठे समजायचे, चाळीस झाले की एक एकर वर चढवायचा. वाटणी घेऊन जानकू गेला. बदल तिथंच राहिला. आपलं काम तपासून बघायची सवय सरांना नव्हती, ती विद्यार्थ्यांना लावायची गोष्ट होती.

“सोपं काहीतरी दाखवा,” प्रात्यक्षिकाला पुण्याचे पाहुणे म्हणाले.

सरांनी ही कीव पचवली आणि १.५ + १.५ टाइप केलं. खाली आलं, २.१०.

“टायपिंग चुकलं असेल, सर,” उज्ज्वला मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

सरांनी परत टाइप केलं. परत २.१०. “व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे,” ते म्हणाले.

“व्होल्टेजनं बेरीज बदलते?” पाहुण्यांनी विचारलं.

घाईघाईनं सरांनी ०.२० + ०.२० दिलं. उत्तर आलं, १. त्या क्षणी त्यांना जानकू आठवला. मेहुण्यासाठी गणित बदललं हे कुठल्या तोंडानं सांगणार?

डुलकी घेत असलेले अध्यक्ष एव्हाना जागे झाले होते. त्यांनी चष्मा पुसून पडदा पाहिला.

“यात चुकलं कुठं, राव? वीस न् वीस चाळीस गुंठं. एकर झाला का न्हाई?”

सरांच्या जिवात जीव आला. “शेतकऱ्यांसाठी खास सुधारणा केली आहे, साहेब,” ते म्हणाले. अंगठेबहाद्दराला साहेब म्हणताना जीभ जराही अडखळली नाही.

“लई ब्येस,” अध्यक्ष म्हणाले. “पयल्यांदा कॉम्प्युटर शानपणाचं बोलला. आता असं करा. लॅब बाईंकडं द्या, पोरांचं उत्तर तीनच आलं पायजे. सर मातर आपल्याला संस्थेच्या हाफिसात पायजेत. समद्या गावाच्या वाटण्या तुंबल्यात.”

सोमवारी सरांचं टेबल ऑफिसच्या जिन्याखाली लागलं. वर अध्यक्षांनी प्रेमानं पाठवलेला नवाकोरा माउस होता. बाहेर रांग लागली होती आणि पहिला नंबर जानकूचा.

“दाजी, गुंठ्याचं झ्याक झालं,” तो स्टूल ओढत म्हणाला. “आता ह्यात इहिरीच्या पान्याच्या पाळ्या बशिवा. घाई न्हाई. ताई म्हनली, तुमी आता मोकळंच असता.”