माझ्यामागचे अकरा जण

त्या दिवशी मी स्कूटर न काढता बायकोची सायकल काढली, एवढीच माझी चूक. स्कूटरचा आवाज फार होतो आणि मला पोलीस चौकीवर गुपचूप जायचं होतं.

चौकीवर जायचं कारण बायको. ती शाळेत गणित शिकवते आणि दर रविवारी सकाळी सतरा मैत्रिणींबरोबर सायकलवरून धरणापर्यंत जाऊन येते. त्याच्या महिनाभर आधी पोलिसांचा नवा नियम निघाला. दहापेक्षा जास्त माणसं कुठे जमली किंवा दहापेक्षा जास्त सायकली एकापाठोपाठ निघाल्या, तर पंधरा दिवस आधी परवानगी काढायची, सगळ्यांची नावं द्यायची आणि आयोजक म्हणून एकाने सही करायची. खाली लिहिलं होतं, हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. (हे वाक्य कुणी हरकत घ्यावी म्हणून लिहीत नाहीत, हे मी पाणीपुरवठा कार्यालयातल्या एकोणीस वर्षांच्या कारकुनीवरून सांगतो. बायकोने ते खरं मानलं.)

"अगं, नऊ-नऊ जणी जा ना," मी सुचवलं. "मध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवा."

"आणि चढावर दुसऱ्या नऊ जणींनी पहिल्यांना गाठलं की? तिथेच गुन्हा?" बायको म्हणाली. "आमच्यातली दवाखान्यातली सिस्टर गेल्या वर्षी एकटी जात होती, तर ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही. अजून तिचा हात खांद्याच्या वर जात नाही. अठरा जणी असलो की आम्ही दिसतो. दिसायला परवानगी कसली मागायची?"

माझ्याकडे भीती मात्र भरपूर होती. माझी हेडक्लार्कच्या जागेची फाइल त्या वेळी साहेबांच्या टेबलावर होती आणि तिच्यातल्या फॉर्मवर एक रकाना होता, 'पोलीस केस आहे काय?' त्यात 'नाही' लिहिता यावं म्हणून मी आयुष्यभर सिग्नल हिरवा असला तरी थांबून बघत आलोय. ऑफिसात मला 'बेतानेराव' म्हणतात ते उगाच नाही.

पत्रावर सह्या आमच्या घरी झाल्या. एका वेळी नऊ जणी आत, दहावी बायको. अकरावा मी होतो, म्हणून दोन संध्याकाळी मी जिन्यात उभा राहिलो.

शुक्रवारी बायकोला परीक्षेची ड्यूटी लागली. "अहो, जाता जाता देऊन या," म्हणत तिने पाकीट माझ्या हातात दिलं. पाकिटावर तिच्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'नियमास विरोध'. मी ठरवलं, पाकीट चौकीबाहेरच्या पेटीत टाकायचं, नाव सांगायचं नाही, मागे वळून बघायचं नाही.

मागे वळून न बघणं मला सोपं होतं, कारण सायकलवर वळून बघितलं की मी पडतो. चौकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाइप टाकायला खणलं होतं. दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले आणि मध्ये एक हँडल जाईल एवढी वाट. मी शिरलो. भीतीने पाय जड झाले होते, त्यात ती वाट, त्यामुळे सायकल फक्त पडणार नाही एवढ्याच वेगाने चालली होती.

थोड्या वेळाने मागे एक घंटी वाजली. मग दोन. मग कुणीतरी "ओ काका" म्हणालं. मला वाटलं, पोलीसच आहे. मी आणखी सावकाश झालो. (घाबरल्यावर लोक पळतात म्हणे. मी सावकाश होतो.) घंट्या वाढत गेल्या. माझा शर्ट पाठीला चिकटला.

पत्रे संपले तिथेच समोर चौकी. दारात हवालदार चहा पीत उभे होते. ते माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागले आणि बोट हलवत मोजायला लागले. मग मीही पाय टेकून वळून बघितलं. दूधवाला, पेपरवाला, शिडी खांद्यावर घेतलेला वायरमन, पोस्टमनबाई, असे अकरा जण सायकलींवर रांगेने माझ्यामागे उभे होते आणि सगळे चिडलेले होते.

"बारा," हवालदार म्हणाले. "मोर्चा कुणाचा?"

"माझा नाही."

"पुढे कोण होतं?"

"मी."

"हातात काय आहे?"

मी पाकीट छातीशी धरलं, त्यामुळे अक्षर त्यांना जास्तच स्पष्ट दिसलं असावं. त्यांनी चहा खाली ठेवला. "म्हणजे आयोजक तुम्हीच."

पुढच्या आठवड्यात मी जेवलो असेन, पण आठवत नाही. जिन्यात बूट वाजले की मी बाथरूममध्ये जायचो.

चौकशी इन्स्पेक्टरबाईंसमोर झाली. अकरा साक्षीदार एका खोलीत बसवले तर तोच नियम मोडत होता, म्हणून त्यांना दोन हप्त्यांत बोलावलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. "आम्ही या माणसाला ओळखत नाही. घंटी वाजवून वाजवून अंगठा सुजला, हा बाजूलाच होईना." त्या दिवशी माझ्या बाजूने दिलेली ती सगळ्यात चांगली साक्ष होती.

इन्स्पेक्टरबाईंचा विश्वास बसेना. "इतकं सावकाश कुणी चालवतं का? दाखवा चालवून."

मी चौकीच्या आवारात एक फेरी मारली. बाई शेजारून चालत होत्या. वळणावर त्यांना माझ्यासाठी थांबावं लागलं.

खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "तुमचा हेतू नव्हता, हे पटलं. विरोधाचं पत्र मागे घ्या, मी केसचा कागद इथेच फाडते."

मला तो रकाना दिसला. साहेबांचं टेबल दिसलं. मी 'घेतो' म्हणणारच होतो. पण दाराशी बायको आणि सिस्टर बसल्या होत्या. सिस्टर डोक्यावरची पिन नीट करायला हात उचलत होती आणि तो खांद्यापाशीच अडत होता. मग बायकोने तिची पिन लावून दिली.

"पत्र राहू द्या," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की बाईंनी दोनदा विचारलं, त्यामुळे मला ते तीनदा म्हणावं लागलं.

बाईंनी पत्रावर शिक्का मारला. केस झाली नाही. पत्र वर गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, नियम कायम. फक्त खाली एक नवीन कलम होतं. 'पुढे अतिसंथ सायकलस्वार असल्यामुळे मागे साचलेल्या सायकलींना हा नियम लागू राहणार नाही.' ते चौकीबाहेर आणि आमच्या ऑफिसच्या बोर्डावरही लागलं. साहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ती फाइल अजून टेबलावरच आहे.

बायकोने दुसरं पत्र लिहायला घेतलंय. तोपर्यंत तिने त्या कलमाचा गणिती उपयोग काढला. दर रविवारी सकाळी सगळ्यात पुढे मी, आणि माझ्यामागे कायदेशीररीत्या साचलेल्या अठरा जणी. धरणापर्यंत जाऊन यायला आता दुपार होते.

भीती काही गेलेली नाही. मागच्या रविवारी चौकीच्या दारात हवालदार दिसले आणि माझे पाय आपोआप भराभर फिरायला लागले. सायकल जन्मात पहिल्यांदा पळत होती.

मागून बायकोचा शांत आवाज आला, "अहो, हळू. आम्ही बेकायदेशीर होतोय."