घोड्यावर अडकलेले तिघे

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर रिचर्डने पडवीतलं टेबल पुसलं, फासे मांडले आणि मुलीला नेहमीचा प्रश्न विचारला, "बसतेस का?" लिडियाने नेहमीचंच उत्तर दिलं, की कामं आहेत. चाळिशीच्या प्राध्यापक बाईला राक्षस मारायला सवड कुठली? खेळाचं पुस्तक मात्र तिचंच, कॉलेजच्या दिवसांतलं. निवृत्तीनंतर पप्पांनी ते माळ्यावरून काढलं होतं.

रिचर्ड म्हणजे वालीवच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेले, चिठ्ठीशिवाय स्क्रूही न देणारे गृहस्थ. ते गोष्ट सांगत आणि त्यांचे तीन मित्र त्या गोष्टीतले वीर होत. कोण जगलं, कोण मेलं, ते फासे ठरवत. बायकोला विचारल्याशिवाय पाचूबंदरहून मासळीही न आणणारा गॉडफ्रे सेनापती होता. गुडघे धरून चालणारा आग्नेल तलवारबाज, आणि आगाशीहून केळी घेऊन येणारा शत्रुघ्न जादूगार.

त्या दिवशी खेळात केल्पी आला. हा स्कॉटलंडच्या लोककथांमधला पाण्यातला घोडा. हवं ते रूप घेतो, आणि पाठीवर बसलेल्याला चिकटवून खोल पाण्यात नेतो. रिचर्डने त्याला वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे शिंपणाच्या तळ्याच्या, काठावर आणून उभा केला. घोडा देखणा, त्यामुळे तलवारबाज लगेच चढला. मग आग्नेलने गावातला कुठलाही सभ्य माणूस करतो तेच केलं. ओळखीची माणसं पायी असताना एकट्याने पुढे जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने गॉडफ्रेला बोलावलं. नाही म्हणणंही बरं दिसत नाही, म्हणून गॉडफ्रे बसला. शत्रुघ्न चालत येतो म्हणाला, तर दोघांनी आग्रह करून त्यालाही घेतलं. घोड्याची पाठ बसणाऱ्यागणिक लांब होत होती, पण स्कूटरवर याहून जास्त माणसं पाहिलेल्या त्या तिघांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

"आता कोणालाच उतरता येणार नाही," रिचर्ड शांतपणे म्हणाले. घोड्याने पुढचे पाय पाण्यात घातले आणि रिचर्डने गोष्ट लिहिलेली आपली फाइल मिटली. उरलेलं पुढच्या रविवारी.

मंगळवारी सकाळी केळींना पाणी लावताना रिचर्ड गेले.

लिडिया रडली नाही. तिने फॉर्म भरले, दुखवट्याची पेज-कॉफी बघितली, लोकांना बसायला खुर्च्या दिल्या. सगळ्यांनी तिच्या धीराचं कौतुक केलं. कौतुकाला उत्तर द्यावं लागत नाही, ही एक मोठी सोय.

पप्पांना जाऊन महिना झाला, त्या मिस्सानंतर पाहुणे गेले, पण ते तिघे पडवीतून हलेनात. दोनदा चहा झाला. शेवटी गॉडफ्रेने घसा साफ केला.

"बाय, बोलायची ही वेळ नाही. पण आम्ही अजून घोड्यावरच आहोत."

मग सगळं बाहेर आलं. गॉडफ्रेने फादरांचा सल्ला घेतला होता. फादर म्हणाले, उतरा. जणू हे यांना सुचलंच नव्हतं. नंतर गॉडफ्रेने स्वतः खेळ चालवून बघितला. त्यात तो पहिल्याच फाशाला खाली उतरला आणि उरलेले दोघे बुडाले, म्हणून ती बैठक रद्द धरण्यात आली. शत्रुघ्नचं म्हणणं, तेराव्याच्या आत सुटायला हवं होतं. रिचर्डची फाइल उघडावी, तर खेळणाऱ्याने ती बघायची नाही हा रिचर्डचाच नियम. माणूस गेला म्हणून त्याचा नियम मोडायचा का?

"तू खेळत नाहीस ना," आग्नेल म्हणाला, "तू बघू शकतेस."

एवढ्या वर्षांत तिच्या न खेळण्याचा कोणाला प्रथमच उपयोग होत होता. लिडियाने फाइल आणली. केल्पीच्या पानावर पप्पांचं स्टोअरमधलं सरळ, ठळक अक्षर होतं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"लगाम काढला की सुटका. पाठीवरच्यांचा हात पोचणार नाही. काठावर चौथा माणूस हवा. तो येईपर्यंत घोडा बुडवायचा नाही."

पानाला एक कोरा तक्ता टाचला होता. वीराचं नाव, शक्ती, शस्त्र, सगळे रकाने रिकामे. फक्त वर खेळाडूच्या जागी लिहिलं होतं: लिडिया. तारीख तीन वर्षांपूर्वीची. ती खोडून पुढची, ती खोडून त्याच्या पुढची. शेवटची तारीख घोडा आला त्या रविवारची होती आणि ती खोडलेली नव्हती.

 शत्रुघ्नने फासे तिच्याकडे सरकवले. लिडियाने खुर्ची ओढली, तसा आग्नेल अस्वस्थ झाला.

"बाय, कुठंही बस. घोड्यावर तेवढी नको."

समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत लिडिया म्हणाली, "बसते, पप्पा."