नदीचं स्थळ आणि समुद्राचं स्थळ

हरिचंद्र भोपींच्या घरात त्या वर्षी दिवाळीनंतर दोन पक्ष पडले. हरिचंद्र नदीच्या बाजूचे आणि गोदूबाई समुद्राच्या. अंबरनाथच्या ऑर्डनन्स कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, जिथे नळाला पाणी आलं की शेजारीण ओरडून सांगते, तिथे हे दोघं पाण्यावरून भांडत होते. तेसुद्धा परदेशातल्या पाण्यावरून.

कारण अर्थातच मुलीचं लग्न. दुसऱ्या कशावरून माणसं इतक्या हिरिरीनं भांडतात? नीलिमा एकोणतिशीला आली होती. एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर होती, चाळीस बायका तिच्या हाताखाली होत्या, पण घरी मात्र ती ‘राहिलेली’ होती. तिला बघायला इतकी माणसं येऊन गेली होती की क्वार्टरमधल्या कुत्र्यांनी पाहुण्यांवर भुंकणं सोडून दिलं होतं. कुणाला रंग खटकला, कुणाला नोकरी खटकली, एकाला तर तिचं बोलणं ‘मुद्द्याचं’ वाटलं म्हणून खटकलं. मार्चमध्ये हरिचंद्र रिटायर होणार, क्वार्टर सोडून बदलापूरच्या पलीकडे गावी जाणार. गावी भावकी. तिथे रोज सकाळी दात घासता घासता कुणीतरी विचारणारच, "काय रं हरी, पोरीचं जमलं का नाय?" त्याच्या आत हरिचंद्रांना सुटायचं होतं. मुलीचं काय व्हायचं ते होवो.

अशात एकदम दोन स्थळं सांगून आली आणि दोन्ही पाण्यावरची निघाली. पहिला जयदेव, वांगणीचा. युरोपात एका मोठ्या नदीवर पाहुण्यांना आठवडा-आठवडा फिरवणारी बोट असते, तिच्यावर वेटर. दुसरा आनंदा, कळव्याच्या खाडीकाठचा, गोदूबाईंच्या माहेराकडचा. तो समुद्रावरच्या एका छोट्या पण अतिश्रीमंत जहाजावर खोल्या सांभाळायचा.

"नदी बरी," हरिचंद्र म्हणाले. "नदीला दोन काठ असतात. बोट बुडाली तरी माणूस चालत घरी येईल."

"अवो, तुमी उल्हास नदीत म्हशी धुतल्या म्हणून काय सगळ्या नद्या कळल्या?" गोदूबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरी मिठागरं होती, त्यामुळे समुद्राबद्दल कुणी वाकडं बोललं की त्यांना माहेराबद्दल बोलल्यासारखं लागे. "समुद्रावरचा मुलगा म्हंजे मोठं स्थळ. त्याच्या जहाजावर पाहुणे थोडे नि नोकर उदंड. राजवाडाच तो."

"राजवाडा हालतो ना पण! लाटंनी उलट्या होतात."

"तुमाला यष्टीतसुद्धा होतात. त्याचं काय?"

हे महिनाभर चाललं. हरिचंद्रांनी कारखान्यात दुपारच्या डब्याच्या वेळी चौकशी केली, तेव्हा गणपती विसर्जनापलीकडे पाण्यात न गेलेल्या माणसांनीही ठाम मतं दिली. गोदूबाईंनी उल्हासनगरला साडीच्या दुकानात सिंधी शेटजींना विचारलं. शेटजी म्हणाले, "भाभी, शिप का आदमी फर्स्ट क्लास. रिव्हर का भी फर्स्ट क्लास. साडी किधर की दिखाऊं?" सगळ्यांना विचारून झालं. नीलिमाला तेवढं कुणी विचारलं नाही, कारण लग्न तिचं होतं.

आता पौष लागायला आला. पौषात आपल्यात मुलगी बघत नाहीत, सुपारी फोडत नाहीत. पौष संपेपर्यंत आनंदाची सुट्टी संपणार होती, आणि जयदेवच्या बापाला तोवर दुसरं कुणी गाठणार होतं. राहिला होता मार्गशीर्षातला शेवटचा रविवार. हरिचंद्रांनी पंचांग बघितलं आणि बायकोला न सांगता वांगणीला निरोप धाडला. गोदूबाईंनी तेच पंचांग बघितलं आणि नवऱ्याला न सांगता कळव्याला निरोप धाडला. माणसं एकदा दारात आली की बायको काय हाकलून देणार आहे का, असा त्यांचा हिशोब. नवरा काय हाकलून देणार आहे का, असा यांचा. तीस वर्षांच्या संसारात दोघांची डोकी एवढी एकसारखी कधीच चालली नव्हती.

शनिवारी हरिचंद्र मुलीला हळूच म्हणाले, "उद्या ती हिरवी साडी नेस. आईला बोलू नको." तासाभरानं गोदूबाई म्हणाल्या, "उद्या निळी साडी नेस गो बाय. बापाला सांगशील तं बघ."

म्हणजे सगळं माहीत असलेली घरात एकटी नीलिमाच होती. ती गप्प बसली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. खरं सांगायचं तर तिला आतून गंमतही वाटत होती. आजवर एका मुलासमोर ती एकटी बसे आणि तो बघे. उद्या दोघं तिच्यासमोर बसणार होते. आयुष्यात एकदा तरी बघायचं, तोलायचं, नको म्हणायचं, आणि जमलं तर हो म्हणायचं काम तिच्याकडे येणार होतं. तिनं पिवळी साडी काढून ठेवली.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला नदी आली. जयदेव, त्याचा बाप कमळाकर, आणि मुलगी बघायला हौसेनं आलेली जयदेवची धाकटी बहीण तुळशी. गोदूबाई स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

"वांगणीची माणसं," हरिचंद्र विजयी मुद्रेनं म्हणाले. "सहज आली."

गोदूबाई तोंड उघडणार तोच खाली आवारात पावलं वाजली, आणि खिडकीतून बघणाऱ्या कमळाकरांनी विचारलं, "तुमच्याकडं आणखी पाव्हणे येतात वाटतं. रुबाबदार हाय पोरगा. कोन तो?"

इथे गोदूबाईंनी जे केलं ते तुम्ही-आम्हीही केलं असतं. एकाच दिवशी मुलीला दोन स्थळं दाखवतात, ही बातमी वांगणीपासून कळव्यापर्यंत पसरली असती तर पोर कायमची घरात राहिली असती. त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या बहिणीचा मुलगा. नीलिमाचा मावसभाऊ."

नवऱ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की हरिचंद्रांनी ताबडतोब मान डोलावली. "भाऊच. लहानपणी हिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला." हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं, पण खोटं बोलायची सवय नसलेली माणसं ते नेहमी जरा जास्तच बोलतात.

आनंदा आणि त्याची आई वेणूबाई आत आले. आनंदानं गॉगल काढला, जयदेवनं हात पुढे केला, आणि दोन मिनिटांत एकमेकांचा धंदा कळला. मग काय विचारता! पोह्यांच्या बशा आल्या, त्या कुणी आणल्या हेही दोघांनी पाहिलं नाही.

"नदीवर मजा अशी हाय," जयदेव म्हणाला, "रोज सकाळी उठलं की नवं गाव. बोट बाजारपेठेलाच लागते. उतरला की समोर चर्च, बाजूला बेकरी. पाणी एकदम शांत. ग्लासातली वाईन हालत नाय."

"बॉस, पण नदी म्हणजे गल्ली झाली," आनंदा हसला. "आमच्याकडं शंभर पाव्हणे आणि त्यांच्यामागं जवळजवळ तेवढीच आपली माणसं. कुणाला उशी मऊ लागते, कुणाला कडक, सगळं तोंडपाठ. बोट छोटी, म्हणून जिथं मोठी जहाजं घुसत नाय त्या बंदरात आमी जातो."

"आणि लाटा?"

"लाटा आल्या की टेबलावरचं कापड ओलं करायचं. बशी घसरत नाय."

"बशी घसरत नाय, पण पाव्हणा घसरतो ना! आमच्याकडं असलं काय नाय. फक्त पूल आला की गच्चीवरच्या खुर्च्या आडव्या करायच्या आणि म्हाताऱ्यांना खाली वाकवायचं."

"आणि उन्हाळ्यात नदी आटली की?"

जयदेवनं आवाज खाली आणला. "मंग पाव्हण्यांना बसनं नेतो."

"म्हणजे तिकीट बोटीचं आणि प्रवास यष्टीचा!" आनंदानं मांडीवर थाप मारली.

हरिचंद्रांचा चेहरा पडला. गोदूबाईंना इतका आनंद झाला की आनंदा आता मावसभाऊ आहे हे त्या विसरल्या आणि त्याच्या बशीत आणखी पोहे वाढून, "नीलिमानं केलेत," असं म्हणाल्या. कमळाकरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बहिणीच्या हातचे पोहे भाऊ खातोच.

नीलिमा दाराला टेकून बघत होती. आनंदानं बशी खुर्चीखाली सरकवली होती. जयदेवनं मात्र स्वतःची बशी उचलून मोरीत नेऊन ठेवली, वर पाणीही ओतलं. आता तुम्ही म्हणाल, वेटरच तो, हाताची सवय. असेल. पण या घरात मोरीपर्यंत बशी नेणारा पुरुष नीलिमानं पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तिला तो आवडला. अगदी सरळ, स्वच्छ आवडला. तिनं पिवळ्या साडीचा पदर नीट केला आणि मग तिचा तिलाच राग आला.

हो म्हणायच्या आधी एकच गोष्ट तिला विचारायची होती. तिनं दोघांना विचारली. "तुमच्यासारख्यांच्या बायका कुठे असतात?"

आतापर्यंत एकाही मुद्द्यावर न पटलेले नदी आणि समुद्र एका आवाजात म्हणाले, "घरी. आईजवळ."

"मी आठ महिने बाहेर," जयदेव म्हणाला. "थंडीत बोट बंद, तेवढा घरी."

"मी दहा महिने," आनंदा म्हणाला.

"आणि बायकोला कधी बोट दाखवायला नाही नेत?" नीलिमानं विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघून खळखळून हसले. तिला कसं नेणार? आमची खोलीच पाण्याखाली, खिडकीसुद्धा नाय, असं दोघांनी आपापल्या परीनं सांगितलं. मोठ्यांनी भुवया उंचावल्या. पुन्हा मुद्द्याचं बोलली.

तेवढ्यात तुळशीनं आनंदाला विचारलं, "अय्या, मग समुद्रात आंघोळीला गोडं पाणी कुठनं आनतात?" आणि हनुवटीवर हात ठेवून ती उत्तराची वाट बघू लागली. एवढा गोड प्रश्न आनंदाला सात समुद्रांत कुणी विचारला नव्हता. तो खुर्ची सरकवून तिच्याकडे वळला आणि समुद्राचं पाणी गोडं कसं करतात ते समजावू लागला. ते समजावणं लवकर संपेना, आणि खोलीत दुसरं काय चाललंय याची त्याला शुद्ध राहिली नाही.

कमळाकरांनी ते बघितलं. मुलीच्या बापाला चष्मा लागला तरी असलं दिसतं. त्यांनी घसा खाकरला.

"हरिचंद्रशेट, खरं बोलू का? मी आलो व्हतो जयदेवसाठी. पण तुमचा हा भाचा माझ्या मनात भरला. आमच्या तुळशीचंबी बघायचंच हाय. घरचीच माणसं तुमी, तुमच्या शब्दावर पोरगी देतो."

वेणूबाईंनी चमकून गोदूबाईंकडे पाहिलं. भाचा? गोदूबाईंचा चेहरा पाहिल्यावर त्यांना सगळं लख्ख समजलं. आपल्याला बोलावलेल्या दिवशीच दुसरंही स्थळ बोलावलं, वर आपल्या मुलाला भाऊ करून टाकलं! दुसरी एखादी बाई भांडली असती. वेणूबाईंनी नीलिमाकडे बघितलं, मग तुळशीच्या बावीस वर्षांकडे बघितलं, आणि पदर सावरून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "गोदू म्हंजे मना पाठची बहीण. तिच्या घरात जमतंय तं मी कशाला नाय बोलू?"

हरिचंद्र उठले. "अहो, पण... आमच्या नीलिमाचं नि जयदेवचं?"

कमळाकरांनी खेदानं मान हलवली. "तेच तं वाईट वाटतंय. पोरगी लाखात एक हाय. पण आता कसं जमंल? एकदा तुमच्या भाच्याला पोरगी दिली, मंग तुमच्याच घरची आनायची म्हंजे साटंलोटं झालं. आमच्यात साटंलोटं चालत नाय. नायतर आजच सुपारी फोडली असती."

आता एकच वाट होती. आनंदा आपला भाचा नाही, हे सांगायचं. हरिचंद्रांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं हरिचंद्रांकडे. सांगितलं तर दोन्ही स्थळं जाणार आणि अब्रूही. नाही सांगितलं तर नुसती दोन्ही स्थळं जाणार. महिनाभर ज्यांचं एका शब्दावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं गप्प बसण्यावर झालं.

पौष दारात, म्हणून तिथल्या तिथे सुपारी फोडायचं ठरलं. सुपारी भोपींच्याच घरातली. मुलाकडचे वडीलधारे म्हणून हरिचंद्रांना पुढे बसवलं. बायकांच्या बाजूनं वेणूबाई रंगात आल्या होत्या. "आनंदाला सख्खी बहीण नाय. करवलीचा मान नीलिमाचा. काय गो बाय, मिरवशील ना भावाच्या लग्नात?"

गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला. नीलिमाला रडू येत नव्हतं. तिला इतका संताप आला होता की त्यापुढे रडणं फारच किरकोळ होतं.

"मिरवेन ना, मावशी," ती म्हणाली. "पण करवलीची साडी मी पसंत करणार. आई नाही, बाबा नाहीत, तुम्ही नाही. इतकी वर्षं या घरात माणसं येतात, पसंत करतात, नापसंत करतात. एकदा मलाही कशाला तरी नापसंत करायचंय."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग कमळाकर हसले, त्यांच्यामागून सगळेच हसले. जयदेव सर्वांत मनमोकळा हसला, आणि जाताना दारात थांबून आपुलकीनं म्हणाला, "तुमचा स्वभाव भारी हाय, ताई."