वालाला लावलेला दिवा

पौष लागला तरी वालाच्या वेलावर कळी दिसेना, आणि उत्तराताईंच्या जिवाला घोर लागला. आईनं जाण्याआधी पदराच्या गाठीतून सोडून दिलेलं बी. पाच दाण्यांतला हा एकच रुजलेला. तो न फुलता वाळला, की आईच्या हातचं बियाणं संपलं.

त्यांनी व्रत धरलं: फूल येईपर्यंत घरात वाल शिजवायचा नाही, आणि वेलाशी दिवा विझू द्यायचा नाही. ठाकुर्लीच्या त्या दुसऱ्या मजल्यावर समई वाऱ्यापुढं टिकेना, म्हणून यजमानांनी, बाळरावांनी, बाल्कनीत विजेचा दिवा बसवला.

फूल आलं नाही. पानं मात्र तळहाताएवढी झाली. आपलीच भक्ती कमी पडत असेल, असं वाटून ताईंनी मोठा दिवा लावला, मग दोन. वेल ग्रिलमधून वर चढत तिसऱ्या मजल्यावर गेला.

"अगं, समोरचे विचारतायत, तुमच्याकडे लग्न आहे का," बाळराव कुरकुरले. "आणि माझं बिरडं? व्रत तुझं आणि उपास माझा!"

"वाल शिजला तर त्याला वास येईल."

"कोणाला?"

"वेलाला, अहो!"

वर प्रफुल्ल प्रधान राहायचे, कृषी खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून ते संध्याकाळी दिवासुद्धा लावत नसत. दर गुरुवारी प्रसाद देताना ताई हळूच म्हणायच्या, "भाऊ, तिन्हीसांजेला घरात अंधार बरा नव्हे. एक तरी दिवा लावत जा." ते मान हलवायचे आणि दार लोटून घ्यायचे.

या गुरुवारी तेच खाली आले. "वहिनी, जरा वर येता? तुमचा वेल माझ्या बाल्कनीत शिरलाय."

ताई ओशाळल्या. कात्री घेऊनच वर गेल्या. पाहतात तर बाल्कनीभर पांढरे तुरे! त्यांनी कात्री बाजूला ठेवली.

"माझ्याकडे एवढा उजेड असून..."

"म्हणूनच तर," प्रफुल्ल म्हणाले. "वाल लांब रात्रीची वाट बघतो. सलग अंधार मिळाला, की मग फुलतो. तुमच्याकडे त्याला रात्रच होत नाही. ते दिवे आत देवघरात न्या."

प्रफुल्लांनी कोपऱ्यातलं खोकं उचललं. "पण तुमचं ऐकलंय हं. आज दिवा आणलाय. इथंच लावतो, बाल्कनीत."

ताईंनी मनातल्या मनात देवापुढं कान पकडले.

"भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "शेंगा धरेपर्यंत... अंधारातच बसाल का?"

प्रफुल्लांनी खोकं खाली ठेवलं. "बसेन की. त्याचा सराव आहे मला."