धुऱ्यावरची फ्रेंच

तीन महिन्यांत मी फ्रेंच बोलणार होतो! हे मी कोंढ्याच्या पानठेल्यावर चारचौघांत जाहीर केलं. शेजारच्या शेताचा गोपीचंद एवढा हसला, की सुपारी त्याच्या घशात अडकली. पाठीत गुद्दे घालून ती मलाच काढावी लागली.

"अरे इश्वर, या वयात फ्रेंच कायले पाह्यजे तुले? धानाचे भाव का फ्रान्सात ठरते?"

कारण होती माझी नात. मुलगा मनिष फ्रान्सात नोकरीला, सून तिकडचीच, आणि सात वर्षांची राखी फक्त फ्रेंच बोलते. माझी बायको गोदावरी होती तोवर काही अडलं नाही. ती फोनसमोर शेळी धरायची, कोंबडी धरायची. ती आपल्या बोलीत बडबडायची, राखी तिच्या बोलीत, आणि दोघी पोट धरून हसायच्या. गोदावरी मागच्या दिवाळीत गेली. तेव्हापासून दर रविवारी मी राखीकडे पाहतो, राखी माझ्याकडे पाहते, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दोन अनोळखी पेशंटांसारखे! शेवटी मनिष म्हणाला, "बाबूजी, ती फोनवर यायलाच नाही म्हणते. बोलायचं काय, विचारते."

त्या दिवशी ठरवलं. पोरगी हातची जाता कामा नये.

मोबाइलवर धडे मिळतात. पहिल्याच धड्यात 'असणे' हे क्रियापद. एवढंसं क्रियापद आणि त्याची सहा रूपं! झ स्वी, त्यु ए, इल ए, नू सोम, वू झेत, इल सों. मी चिडलो. मग लक्षात आलं, आपलंही मी आहे, तू आहेस, तो आहे, असंच की! जन्मभर बोलत आलो, कधी वळून पाहिलं नाही. मग गंमत वाटायला लागली. लहानाला 'त्यु', मोठ्याला 'वू'. म्हणजे मान ठेवायची रीत त्यांच्याकडेही आहे! पुढे 'बोलणे' घेतलं. त्याची चार रूपं कानाला एकसारखी, पण लिहिताना एखाद्याला शेपूट! जे अक्षर बोलायचं नाही ते लिहायचं काहून? गोदावरीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "राहू द्या ना जी, तुमच्या ताटात थोडीच वाढलं!"

एवढ्यात धानाची रोवणी आली. दरवर्षी बांधीत गाणं गोदावरी धरायची. यंदा तिच्या माघारी गायला कोणालाच धीर होईना. बाया मुकाट्याने चिखलात धानाचे पऱ्हे रोवत होत्या. ती शांतता मला सोसेना. मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर येरझारा घालत मोठ्याने पाठांतर सुरू केलं.

धुरपताने मान वर केली. ही गोदावरीची जोडीदारीण, आवाज भोंग्यासारखा. "भाऊजी, हे कोणतं गाणं होय?"

"गाणं नाही. क्रियापद आहे."

"चाल तं मस्त आहे!" म्हणत तिने उचललंच. "झ स्वी!" मागून सगळ्या, "त्यु ए!" एका रूपाला एक रोप! आनंदाबाईने मात्र मध्येच थांबवलं. "मले 'त्यु' नका म्हणू बाप्पा! मी सासू झाली. मले 'वू' म्हणा!"

दुपारपर्यंत बांधी हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी गोपीचंद हजर. "इश्वर, तुझं ते क्रियापद एक दिवस दे ना!" जसा काही फवारणीचा पंपच मागत होता! दिलं. त्याच्या बांधीतून मागणी आली, "कालचंच कायले गावं? नवं द्या, नाही तं हात चालत नाही!" मी मरमर करून एक क्रियापद पाठ करावं आणि या बायांनी ते जेवणाच्या सुट्टीआधी संपवावं! खाणे झालं, करणे झालं, जाणे झालं. गावाची रोवणी माझ्या जिभेवर चालली होती. पण नातीशी बोलायला एक धड वाक्य तयार करायचं राहूनच गेलं.

रविवार आला. नेटवर्क धुऱ्यावरच मिळतं, म्हणून तिथेच उभा राहिलो. मनिष म्हणाला, "बाबूजी, कसंबसं आणलं तिला. बोला लवकर."

"झ..." म्हणालो आणि गाडी बंद! "झ... झ..."

मागे बांधीत रोवणाऱ्या बायांना वाटलं, मी गाणं धरलं! "झ स्वी! त्यु ए! इल ए!" मी हात हलवून गप्प करायला गेलो. धुरपताला वाटलं, आवाज वाढवा म्हणतात. तिने वाढवला! राखीचं तोंड लाल झालं. काहीतरी ताडकन बोलली आणि पडद्यावरून गायब!

"काय म्हणाली रे?"

मनिषला हसू आवरेना. "म्हणते, सुट्टीतही आई हेच पाठ करायला लावते, आता आजोबाही तेच!"

मी धुऱ्यावर मटकन बसलो. संपलं म्हटलं. पोरगी गेली.

तेवढ्यात फोनमधून किंचाळी आली. हे गाणं दाखवायला राखी आईला ओढत परत आली होती. 'जाणे' तिला काही केल्या येत नव्हतं, तेच गा म्हणते, असं मनिषने सांगितलं! बायांनी गायलं. आनंदाबाई एका जागी चुकली. राखीने सगळ्यांना थांबवलं, बोट उगारलं, चूक सुधारली आणि पुन्हा म्हणून घेतलं. मग स्वतःच पलंगावर उड्या मारत म्हणायला लागली. चिखलाने माखलेल्या बाया, आणि मास्तरीण सात वर्षांची!

रोवणी केव्हाच संपली. धुरपता आता दर रविवारी इस्त्रीचं लुगडं नेसून धुऱ्यावर येते. मागच्या रविवारी तिला यायला उशीर झाला. राखीने माझ्या मागेपुढे पाहिलं आणि विचारलं, "ऊ ए धुरपता?" धुरपता कुठे आहे!

एवढे दिवस अभ्यास केल्यावर नातीने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पण सांगतो, त्यातलं क्रियापद मी एका झटक्यात ओळखलं!